कड्यावरची वाट आणि उद्याबाई

नाही गं, जन्मापासून नव्हते तिला उद्याबाई म्हणत. पाळण्यात कोण कशाला तसलं नाव ठेवेल? ते मागाहून पडलं, दुकानात बसायला लागल्यावर. हसतेस काय, लिही. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण ती, म्हणजे माझी नणंद, तुझी आत्याआजी. मी तिला वन्सं म्हणते. तोंडावर वन्सं आणि तुम्ही, पाठीमागे उद्याबाई आणि ती. सगळं गाव तसंच करतं, मग मी एकटीनं काय घोडं मारलंय?

तू विचारलंस कोटाचं आणि गुहांचं. बेटावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी छोटं पुस्तक करायचंय म्हणालीस. अगं, कोट कुणी बांधला ते मला काय ठाऊक? कुणी म्हणतं दर्यावर्दी राजानं बांधला, कुणी म्हणतं व्यापाऱ्यांनी, कुणी म्हणतं कैदी कोंडायला. मी काही तेव्हा नव्हते. मला वन्संची गोष्ट ठाऊक आहे. कोट त्यातच येतो, गुहाही येतात. तेवढी घे, बाकीचं शिकल्यासवरल्यांना विचार.

तर धक्क्यावरून वर येणारा रस्ता जिथं संपतो आणि मातीची पायवाट लागते, त्या वळणावर आपलं जोड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. माझे सासरे जोडे शिवायचे, त्यांच्या हाताखाली वन्सं शिकली. तुझे आजोबा लाँचवर खलाशी, त्यांना आरी धरता येत नव्हती. दुकानाला पुढं दगडाची उंच पायरी, आत ठेंगणं बाकडं, भिंतीला खणाखणांची फळी, आणि सगळीकडे मेणाचा नि ओल्या चामड्याचा वास. लग्न होऊन आले तेव्हा मला मळमळायचं त्या वासानं. आता कुठं गावाला गेले की तो नसला तर झोप लागत नाही.

कोटाकडे जायची वाट मोठी नाटकी आहे. आधी नारळांतून जाते, सावलीतून, अगदी गोड. मग गोट्यांचा किनारा. मग काळे खडक, त्यावर हिरवं शेवाळ, ओहोटी असली तरच उघडे. तिथं चामड्याचा तळ गेला की माणूस गेला. लोक येतात चकचकीत बूट घालून, बायका टाचांच्या चपला घालून, जसं काही लग्नालाच निघालेत. म्हणून आमच्याकडे सुंभाच्या तळाचे जोडे. काथ्याचा सुंभ वळून वळून, चपटा करून, मेणाच्या दोऱ्यानं शिवलेला तळ. ओल्या शेवाळावर असा धरतो की पालीला लाज वाटावी. माणसानं आपले जोडे आमच्या खणात ठेवायचे, सुंभाचे घालून जायचं, आल्यावर परत बदलायचे. कोटाकडे जो गेला तो वन्संच्या तळावरून गेला. आणि वन्सं स्वतः कधीच गेली नाही.

का म्हणजे? पाय. लहानपणी ताप आला, आठवडाभर पोरगी शुद्धीत नव्हती. ताप उतरला, पण उजवा पाय बारीक राहिला तो राहिलाच, आणि आखूडही. डाव्या हातात काठी घेऊन चालते. चालते म्हणजे काय, लंगडत दुडकते. पण पायाचं नाव काढलेलं खपायचं नाही. एका पाहुणीनं एकदा कीव केली, "अरेरे, एवढी चांगली मुलगी." वन्संनं तिला परत जाताना दोन्ही डाव्या पायाचेच जोडे बांधून दिले हातात, आणि वर हसून अच्छा म्हणाली.

हो, नावाचं राहिलं. कुणीही काम घेऊन आलं, "कधी मिळेल?" की हिचं ठरलेलं, "उद्या." उद्या गेलं की परत "उद्या". काम मात्र असं करायची की माणूस शिव्या देत यायचा आणि हसत जायचा. सासरे म्हणायचे, "अगं, एखाद्याला तरी आज म्हण." ती म्हणायची, "आज म्हटलं की आजच करावं लागतं, बाबा."

मी नवीन होते घरात तेव्हाची गोष्ट. कोटाची समुद्राकडची भिंत ढासळली होती. सरकारी खात्यानं पाथरवटांची टोळी पाठवली लाँचनं. धक्क्याजवळच्या शेडमध्ये राहायची ती माणसं, सकाळी ओहोटी बघून वर जायची, संध्याकाळी पांढरी होऊन उतरायची. दगडाची भुकटी अगदी पापण्यांवर. त्यांतला एक होता उंच, कान असे दोन्ही बाजूंना आलेले, वारा सुटला तर उडून जाईल असं वाटावं. बोलायच्या आधी नाक चोळायचा. उजव्या अंगठ्याला अर्धं नखच नव्हतं, छिन्नीनं नेलेलं. नाव होतं काहीतरी, पण आम्ही पाथरवटच म्हणायचो. वन्संही.

तो बूट घेऊन आला, टाच उसवलेली.

"कधी मिळतील?"

"उद्या."

"उद्या म्हणजे कुठला?"

"आजच्या नंतरचा."

दुसऱ्या दिवशी आला. नाक चोळलं. "आजच्या नंतरचा आला."

"मग आता त्याच्या नंतरचा."

मी आत सुंभ वळत बसले होते, मला हसू आवरेना. तोही हसला, आणि परत गेला नाही, पायरीवर बसला. आणि मग रोजच बसायला लागला. बुटांचं विचारायचं, तिनं उद्या म्हणायचं, आणि मग दोघं दिवेलागणीपर्यंत गप्पा. म्हणजे गप्पा काय, तो दगडाचं बोलायचा नि ती चामड्याचं. कुठल्या दगडाला कुठून फुटायचं असतं, कुठलं चामडं पावसात रुसतं. ऐकणाऱ्याला जांभई यावी असलं बोलणं. पण मी सांगते तुला, मी तुझ्या आजोबांशी वर्षभरात बोलले नसेन तेवढं ते बोलले. टाच शिवायचं काम काय, चहा उकळेपर्यंतचं. पण वन्सं ते बूट वरच्या खणात ठेवून खालच्या खणातली कामं करायची. बूट झाले की तो कशाला येईल? मला कळत होतं, सासऱ्यांनाही कळत होतं, ते मुकाट्यानं आत जाऊन पडायचे. त्यांना तो पसंत होता बहुतेक. पण म्हणणार कोण? आमच्याकडे असलं बोलायला तोंडाला कुलूप.

बूट नाहीत म्हणून तिनंच त्याला सुंभाचे जोडे करून दिले. कागदावर पाय ठेवायला लावला, पेन्सिल फिरवली. तो म्हणाला, "गुदगुल्या होतात." ती म्हणाली, "गप उभा राहा, नाहीतर सहा बोटांचा जोडा होईल." मग एक दिवस तो सुतळी घेऊन आला.

"आता तुमचं माप."

"माझं कशाला? मी काय भिंत आहे?"

"उभ्या तर राहा."

ती हसत हसत उभी राहिली, काठी टेकून. त्यानं तिच्या डाव्या तळहातापासून जमिनीपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. नुसती चेष्टा चाललीय असंच वाटलं आम्हाला. पण मग तो खाली बसला आणि म्हणाला, "उजवा पाय जरा उचला बघू, जेवढा उचलेल तेवढा," आणि सुतळी तिच्या त्या बारीक पायाच्या खाली धरली.

अगं, जे पेटलं ते पेटलं. तिच्या पायाची आग मस्तकात गेली. बाकड्यावरचा लाकडी फर्मा उचलला, ज्यावर जोडा चढवतात तो, आणि फेकला. त्याच्या कानावरून गेला, आणि कान काय लहान नव्हते. "चालता हो! माझ्या पायाचा तमाशा करायला आलास?" तो काहीतरी बोलायला गेला, नाक चोळेपर्यंत तिनं दुसरा फर्मा उचलला होता. गेला बिचारा.

मग यायचा बंद झाला. टोळीतले बाकीचे उतरायचे, हा अंधार पडायच्या बेतात यायचा, ओहोटीचं शेवटचं पाणी तुडवत, आणि सरळ शेडमध्ये. वन्सं दुकानातून बघायची, बघत नाही असं दाखवत. मी म्हटलं, "वन्सं, बूट शिवून पाठवून देऊ का?" म्हणाली, "त्याला हवे असतील तर येईल." म्हणजे राग होता, पण बूट काही सोडवत नव्हते.

आणि एका संध्याकाळी आला. हाताची बोटं सुजलेली, अंगभर भुकटी, डोळे तेवढे माणसाचे. पायरीखालीच उभा राहिला, वर चढला नाही. म्हणाला, "एकदा वर चला माझ्याबरोबर. दाखवायचंय एक."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "उद्या."

त्यानं विचारलं, "बूट?"

"तेही उद्या."

तुला सांगते, शब्द तोच. पण आधीचा उद्या साखरेत घोळलेला होता आणि हा मिठात. त्या बापड्याला काय कळणार कुठला कुठला? नाक चोळलं त्यानं, बराच वेळ. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

सकाळी लाँचचा भोंगा वाजला. ती वेळेच्या आधी आली होती, वारं फिरणार होतं म्हणून. टोळीचं काम संपलेलं, सगळ्यांना घेऊन गेली. वन्सं काठी घेऊन निघाली ना, मी मागून हाका मारतेय, ती उतारावरून दुडक्या चालीनं धावतेय. धक्क्यावर पोचलो तेव्हा लाँच एवढीशी झाली होती. तो गेला तिचेच सुंभाचे जोडे घालून. तुझे आजोबा होते त्या लाँचवर, त्यांनी नंतर सांगितलं, तो मागच्या बाजूला उभा होता, बेटाकडे तोंड करून. पण तसे तर सगळेच उभे राहतात गं. त्यावरून काय समजायचं?

ती समजली असं की तो तिच्या पायाला हसला. नाही, तसंही नाही. एक दिवस म्हणायची, हसलाच तो, बरं झालं गेला. दुसऱ्या दिवशी म्हणायची, वहिनी, हसणारा माणूस असा तोंडावर माप घेईल का? हे किती वर्षं? तुझ्या बापाचं लग्न झालं, तू झालीस, तरी मधूनच आरी थांबायची आणि प्रश्न तोच. तो हसला का? आणि वर काय दाखवणार होता? स्थळं आली तिलाही, दोन तीन चांगली होती. तिनं त्यांनाही उद्या म्हटलं. लोक चपलेसाठी थांबतात, लग्नासाठी थांबत नाहीत.

बुटांचं विचारशील तर ते गेले. तिनं त्याच दिवशी शिवले, तेल लावून वरच्या खणात ठेवले. पण आपली हवा कशी आहे, पांढरी बुरशी धरली, परत पुसले, परत धरली. ती एकदा आजारी असताना सासऱ्यांनी एका हमालाला देऊन टाकले. त्यावरून बापलेकीत महिनाभर अबोला होता. मध्ये मी, मीठ हवंय म्हणून हिला सांग, ताट वाढलंय म्हणून त्यांना सांग. असो.

आता ऐक, यंदाचं. तू परीक्षेला गेली होतीस तेव्हा.

गुहेच्या वरच्या अंगाला, कड्याच्या चिरेतून कोटावर चढायला पायऱ्या आहेत, पाहिल्यास ना तू? बाळपायऱ्या. त्या पाथरवटांच्या टोळीनंतरच्या त्या, आधी तिथं दोरखंड लोंबायचा. चुना वर न्यायला केल्या असतील, असं आम्ही धरून चाललो. पण एवढ्या बुटक्या, एवढ्या बुटक्या! एकेक चढावी तर उंदरासारखं वाटतं, दोन दोन चढाव्यात तर ढांग पुरत नाही. परत येणारा प्रत्येक जण त्या पायऱ्यांच्या नावानं बोटं मोडतो. नवा गाइड तर पाहुण्यांना सांगतो की राजाची राणी ठेंगणी होती, तिच्यासाठी केल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. आम्हीही हसायचो. वन्संही हसायची. म्हणायची, "कुणा आळश्यानं कापल्यात कोण जाणे, दगडाला नुसतं खाजवलंय."

तर बांधकाम खात्याचा एक साहेब आला. गोल, घामाघूम, हातात टेप. बाकड्यावर बसून सुंभाचे जोडे काढत होता नि बडबडत होता. वारा पडला की त्या पायऱ्या फोडून लोखंडी जिना बसवणार आहेत, लोकांच्या तक्रारी फार. "काय काम केलंय हो," म्हणाला, "वेली काढल्या आम्ही माप घ्यायला, तर आत भिंतीत खोबण्या निघाल्या, हात धरायला. त्या पण एकाच बाजूला, डाव्या. आणि इतक्या खाली की धरायला वाकावं लागतं."

वन्संची आरी थांबली.

"डाव्या म्हणजे चढताना?"

"चढताना."

"किती खाली?"

तो उभा राहिला, हात मांडीपाशी नेऊन दाखवला. "इथं. सांगा, माणसाचा हात इथं असतो का?"

वन्सं उठली. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काठीवरचा डावा हात त्याच्या हाताशेजारी. काठीची मूठ बरोबर तिथंच होती. साहेबाला काय कळतंय, तो आपला पैसे देऊन, घाम पुसून गेला. ती उभीच.

मग म्हणाली, "वहिनी, मला वर जायचंय."

मी म्हटलं, "वन्सं, सांजवेळी अभद्र बोलू नका."

"अगं बये, कोटावर!"

मी म्हटलं, "कधी?"

आणि बघ हं, जन्मात पहिल्यांदा ऐकलं मी. म्हणाली, "आज. आत्ता ओहोटी आहे ना?"

नव्हती ओहोटी. भरती चढत होती. मग सकाळची धरली. रात्रभर तिनं कूस बदलली आणि मला झोपू दिलं नाही. स्वतःसाठी सुंभाचा जोडा तिनं कधी केलाच नव्हता, बायकांच्या खणातला एक बसता बघितला, उजव्याच्या तळाला आणखी एक थर शिवला. माझे गुडघे तर तुला माहीतच आहेत. दोघी मिळून धड दोन पाय, असं म्हणत निघालो.

नारळांतून बरं गेलं. गोट्यांवर मात्र तिची काठी रुतायला लागली. तिनं काठी मला दिली आणि माझा खांदा धरला. मी म्हटलं, "माझा खांदा मोडला तर साहेबाला सांगून लोखंडी बसवून घ्या." ती हसली नाही. ओठ मिटून चालली होती. काळ्या खडकांवर खेकडे आम्हाला बघून बाजूला होत होते. इतक्या हळू येणारी माणसं त्यांनी पाहिली नसतील. एका ठिकाणी तिनं पाय टेकला, सुंभानं शेवाळ धरलं, तर खाली बघून म्हणाली, "बरा धरतो गं." एवढी वर्षं लोकांना देतेय, आणि स्वतःला आज कळलं.

गुहेत शिरलो. तू म्हणतेस ना पुस्तकात लिहायचंय, तर हे लिही. आत गेलं की आधी काही दिसत नाही, नुसता समुद्राचा श्वास ऐकू येतो, आत येतो नि बाहेर जातो, एखादं मोठं जनावर झोपलंय असा. मग हळूहळू कापलेली टाकी दिसते, गोड्या पाण्याची, छतातून थेंब थेंब पडून भरलेली. भिंतीला लागून दगडाचा लांब ओटा. जुने खलाशी बसत असतील. आम्ही बसलो. पाणी प्यायलो, ओंजळीनं, दगडाच्या चवीचं. मी म्हटलं, "वन्सं, इथवर आलात तेवढं पुष्कळ झालं. मागं फिरायचं का?" ती म्हणाली, "तू बस. मी येते."

मी कसली बसते?

चिरेतून बघितलं तर पायऱ्या वर गेलेल्या, वेली काढल्यामुळं स्वच्छ दिसत होत्या. तिनं पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवला. हात भिंतीकडे गेला, न बघता. खोबणीत बसला. अगं, बसला म्हणजे कसा, भाकरी थापताना हात परातीत बसतो तसा. मग उजवा पाय, तो बारीक, जेवढा उचलतो तेवढाच उचलला. पायरी तेवढीच होती. दोन्ही पाय मावायला जागाही होती, कारण ती एका पायरीवर दोन्ही पाय आणल्याशिवाय पुढं जात नाही. मग पुढची खोबण, पुढची पायरी. थकायची वेळ आली की तिथं रुंद, बसण्यासारखी.

मी मागं. माझा पाय प्रत्येक पायरीला अडखळायचा, गुडघा हवेत लटकायचा, खोबणीसाठी वाकावं लागायचं. मी धापा टाकतेय, आणि ती चाललीय वर, न थांबता. आयुष्यात पहिल्यांदा ती पुढं आणि मी मागं. तिची पाठ बघत होते. हलत नव्हती ती, रडत असती तर हलली असती. नुसतं पुटपुटत होती. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "मेल्या, बोलायचं नाही का. मेल्या, तोंड नव्हतं का तुला."

वर पोचलो आणि शेवटची पायरी नाहीच. नुसता उभा खडक, तिच्या गुडघ्याच्या वर येणारा. त्यावर छिन्नीच्या रेघा, आखलेल्या. इथून इथवर कापायचं, अशी खूण. आणि काम तिथंच थांबलेलं. मी म्हटलं, "बघा, सगळं करून शेवटाला आळस केला."

ती रेघांवर बोट फिरवत म्हणाली, "आळस नाही गं. त्यांच्यात रीत आहे. तो सांगायचा. ज्याचं काम, तो आल्याशिवाय शेवटचा दगड कापत नाहीत. धन्याच्या समोर शेवटचा घाव."

मग मीही त्या रेघांवरून हात फिरवला.

तो खडक काही तिला चढता येईना. मी वर गेले, पोटावर पडून, लाज सोडून, आणि तिचे दोन्ही हात धरून ओढलं. दोघी धपकन आडव्या कोटाच्या दारात. दार म्हणजे नुसती कमान, बाजूला गंजलेली तोफ, भिंतीतून वडाच्या मुळ्या उतरलेल्या. पलीकडे त्या टोळीनं बांधलेली भिंत, अजून सरळ. मी म्हटलं, चला, आलोच आहोत तर सगळा कोट बघू. ती म्हणाली, "तू बघून ये." तिनं कोटाकडे पाठ केली होती. पायऱ्यांकडे बघत बसली होती, आणि पायऱ्यांच्या खाली समुद्राकडे, जिथून लाँच जाते.

मी फिरून आले तेव्हा म्हणाली, "वहिनी, तो माझ्यासमोर शेवटची कापणार होता. आणि मी त्याला उद्या म्हटलं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस सगळे पांढरे झालेत गं तिचे.

उतरताना ती शिडी उतरावी तशी पाठमोरी उतरली, तोंड खडकाकडे, म्हणजे खोबण्या परत डाव्याच हाताला. तोही विचार केला होता त्यानं. भरती यायच्या आत खडक ओलांडले. घोट्याएवढं पाणी लागलंच.

तुझा बाप म्हणाला, आपण खात्यात सांगू, पायऱ्या तोडू नका म्हणून. ती म्हणाली, "तोडू देत. लोकांचे गुडघे माझ्यापायी कशाला मोडायचे? त्या माझ्यापुरत्या होत्या." असं म्हणाली खरी. पण रोज ओहोटीच्या वेळी काठी घेऊन दारात येते आणि आपले सुंभाचे जोडे चाचपून बघते. परत जायची हिंमत माझ्या गुडघ्यांत नाही. आणि सुधारली असेल असं समजू नकोस हं. काल माझ्याच चपलेचा अंगठा तुटला, दिली शिवायला, तर म्हणाली उद्या. स्वभावाला औषध नाही.

तिला सांगू नकोस मी हे तुला लिहायला सांगितलं म्हणून. फर्मे अजून तिच्या हाताशी असतात.

पण पुस्तकात हे शेवटी घाल, आणि मोठ्या अक्षरात घाल. वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, तुम्ही कुठून कुठून येता आमच्या बेटावर, कुठं कुठं परत जाता. तुमच्या गावात एखादा म्हातारा पाथरवट असेल. खूप म्हातारा असेल आता, कान मोठे, उजव्या अंगठ्याला नख अर्धं. तो नसेल तर त्याची मुलं, नातवंडं, कुणीतरी असेल. वारा पडायला अजून वेळ आहे, जिना बसायलाही वेळ आहे. त्याला भेटलात तर एवढंच सांगा, मालकीण चढून आली होती. शेवटची पायरी कापायची राहिलीय म्हणावं.